बी-३०४ ची इस्त्री

*(सोसायटीच्या ग्रुपवर)*

बी-३०४: चांगला इलेक्ट्रिशियन आहे का कोणाच्या ओळखीचा? इस्त्रीची वायर मानेशी तडकलीय. आज यांचा शर्ट करताना चट्‌कन ठिणगी उडाली. वायर डावीकडे धरली तरच दिवा लागतो.

ए-२०२: एवढ्यासाठी इलेक्ट्रिशियन कशाला ताई? काळ्या टेपचे चार वेढे मारा. आमच्या इस्त्रीला चार वर्षं टेपच आहे, झक्कास चालतेय.

बी-३०४: मारली होती हो. तापून गोळा झालाय तिचा, हाताला डिंकासारखा लागतो.

सी-५०१: टँकर आला का?

डी-१०१ काका: ताई, आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढा. आणि डावीकडे धरून चालवणं आजपासून बंद.

डी-१०१ काका: वायरीत तांब्याच्या बारीक तारांचा झुपका असतो. मानेशी रोज वाकून वाकून एकेक तार तुटते. ७५० वॉटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते. तेवढा करंट उरलेल्या पाच-सात तारांतून जायला लागला की तिथंच तापणार. टेपनं वरचं कातडं झाकतं, आतल्या तारा जोडल्या जात नाहीत.

ए-२०२: मग सोल्डर करून वर टेप?

डी-१०१ काका: रेडिओच्या आत करा खुशाल. ही हलती वायर आहे. सोल्डर लागलेला भाग कडक होतो, तो संपतो तिथंच पुन्हा तुटते.

बी-३०४: काका, तेवढा तुकडा कापून उरलेली आत जोडली तर? वायर भरपूर लांब आहे.

डी-१०१ काका: बाकीची धड असेल तर चालतं. बघून सांगतो. नवीन घ्यायची तर इस्त्रीचीच मागा: वरून कापडी विणीची, थ्री कोअर म्हणजे आत तीन वायरी असलेली, ०.७५ स्क्वेअर एमएम, आयएसआय मार्क बघून. साधी पीव्हीसी माथी मारतील, ती तापल्या तळाला टेकली की वितळते.

बी-३०४: हे उद्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारावरूनच येणार आहेत, आणायला सांगते.

सी-५०१: टँकर??

ए-४०३: आला. गेटपाशी कोणाची तरी पांढरी गाडी आडवी आहे, काढा आधी.

*(दुसऱ्या दिवशी, रात्री)*

डी-१०१ काका: ३०४ ची इस्त्री झाली. पण उघडल्यावर जे दिसलं ते सगळ्यांना सांगतो. मागे कोणीतरी वायर बदलून दिली होती, ती निघाली टू कोअर! प्लग मात्र तीन पिनांचा. वरच्या मोठ्या पिनेला काही जोडलेलंच नाही, इस्त्रीतला अर्थिंगचा स्क्रूही रिकामा. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तळाला लागली असती तर अख्खी इस्त्री 'लाइव्ह'.

बी-३०४: तरीच पावसाळ्यात बोटांना मुंग्या यायच्या! मी आपली रबरी चप्पल घालून इस्त्री करत होते.

ए-४०३: पण ईएलसीबी असतो ना, करंट गळला की वीज तोडणारा स्विच? तो पडला असता.

डी-१०१ काका: अर्थिंग असतं तर लगेच पडला असता. अर्थिंग नसलं की करंटला वाट मिळते ती माणसाच्या अंगातून, आणि मगच तो पडतो. म्हणजे पहिला झटका आपल्यालाच.

डी-१०१ काका: आता अर्थिंगची हिरवी वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवलीय. कोणी हिसडा दिलाच तर लाल-काळी आधी सुटतील, अर्थिंग शेवटी. क्लॅम्प कापडी कव्हरावर आवळलाय, मानेची रबरी नळीही परत घातली. मीटर लावून मोठी पिन ते तळ तपासलं, जोड पक्का आहे.

बी-३०४: काका चहासुद्धा न घेता गेले. उद्या थालीपीठ पाठवते.

ए-२०२: काका, जागे आहात का? आमच्या प्लगचा स्क्रू काढून बघितला. मोठी पिन रिकामीच आहे.

डी-१०१ काका: इस्त्री प्लगला लावू नका. सकाळी दूध घेऊन परत येताना डोकावतो.