पिकअपची स्टेपनी कुठे ठेवावी? भरल्या गाडीत, रात्री, एकट्याने काढता येईल अशी सोय हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक डिझेल पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो आणि हंगामाप्रमाणे फ्लॉवर किंवा कोबी भरून आठवड्यातून तीन वेळा माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात जातो. गाडी मी स्वतःच चालवतो. माझे वय ५८ आहे, उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता आणि बरोबर बहुतेक वेळा कोणी नसते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण "टपावर टाका आणि मोकळे व्हा" हा सल्ला मला गावात चार जणांनी दिला असून तो माझ्या उपयोगाचा नाही.

गेल्या पावसाळ्यात घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे रात्री दोनच्या सुमारास मागचे डावे चाक बसले. गाडीत ६० क्रेट होते, म्हणजे क्रेटच्या वजनासकट तेराशे किलोच्या आसपास माल. चाक बदलणे मला नवीन नाही. जॅक, टॉमी, पाना सगळे जागेवर होते. अडचण आली ती स्टेपनी बाहेर काढताना. ती हौद्याच्या खाली, मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे आडवी टांगलेली असते. मागच्या बाजूने लांब दांडा आत घालून फिरवला की विंचची (चाक साखळीने वर-खाली करणाऱ्या फिरकीची) साखळी सैल होते, चाक जमिनीवर टेकते आणि साखळीच्या टोकाची लोखंडी पट्टी तिरकी करून रिमच्या भोकातून सोडवून घ्यायची, अशी ही साधी रचना आहे. मात्र तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या आवारात गाडी उभी असताना स्टेपनी चोरीला गेली होती, म्हणून नवीन स्टेपनीला मी वेगळी साखळी आणि कुलूप लावून घेतले. ते कुलूप त्या रात्री उघडले नाही. चिखल आणि पाणी आत जाऊन ते इतके गंजले होते की किल्ली अर्ध्यावरच अडकली. चोरासाठी केलेला बंदोबस्त मलाच आडवा आला. दगडाने कुलूप फोडण्याच्या प्रयत्नात पाऊण तास गेला. ते तुटल्यावर विंच फिरेना, कारण त्याचा गजही गंजलेला होता. शेवटी एका दुधाच्या टेम्पोच्या चालकाने थांबून मदत केली, वीस क्रेट उतरवले, गाडी जॅकने थोडी उचलली आणि आम्ही दोघांनी पाण्यात आडवे पडून ते चाक ओढून काढले. कल्याणला पोहोचलो तेव्हा चांगला भाव देणारे व्यापारी खरेदी आटोपून बसले होते.

तेव्हापासून जागा बदलण्याचा विचार चालू आहे. टपावर कॅरियर बसवून तेथे ठेवावी, तर रिमसकट हे चाक आमच्या धान्याच्या काट्यावर २७ किलो भरले. डोक्याच्या वर हात नेऊन ते उतरवणे माझ्या खांद्याला जमणार नाही. हौद्यात केबिनच्या मागे उभी करावी, तर टायर २१५/७५ आर १५ मापाचा असल्याने साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक मावायला सहा क्रेटची जागा जाते, आणि प्रत्येक फेरीला सहा क्रेट घरी ठेवून जाणे म्हणजे वर्षभराचा हिशोबच बदलतो. शिवाय माल भरल्यावर ताडपत्री आणि चऱ्हाट सोडून, वरचे क्रेट काढून तेथपर्यंत पोहोचावे लागेल ते वेगळेच. मोठ्या ट्रकला असते तशी हौद्याखाली बाजूला बसवायची म्हटले, तर एका बाजूला डिझेलची टाकी आहे आणि दुसऱ्या बाजूला बॅटरी.

म्हणून मूळ जागाच ठेवून ती वापरण्याजोगी करता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. बॉडी बांधणाऱ्याने मागे जो जाड लोखंडी पाइपचा बंपर लावून दिला आहे, त्यामुळे विंचचा दांडा सरळ आत जात नाही, तिरका घालावा लागतो आणि तो घसरून नटाचे कोपरे झिजले आहेत. बंपर कापावा, की विंचचा गज पुढे वाढवून घ्यावा? कुलूप कोणते लावावे? आणि स्टेपनीत हवा किती ठेवता?

ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना २०२० च्या नियमबदलानंतर स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, हे मी वाचले आहे. माझ्या गाडीत तशी यंत्रणा नाही, आणि घाटात टायरची बाजू फाटली तर दुरुस्तीच्या संचाने काही साधत नाही. त्यामुळे स्टेपनी नकोच, हा पर्याय कृपया सुचवू नये.

प्रतिसाद १

काका, मी संगमनेरला पंधरा वर्षे गॅरेज चालवले, त्या अनुभवावरून लिहितो. जागा बदलू नका. वजन खाली राहते, माल ठेवायची जागा जात नाही आणि चाक जमिनीवरच उतरत असल्याने उचलावे लागत नाही, तेव्हा तुमच्या खांद्यासाठी हीच जागा सर्वांत बरी. बिघडली आहे ती देखभाल. दर महिन्याला एकदा स्टेपनी पूर्ण खाली उतरवायची, विंचवरचा चिखल पाण्याने धुऊन वाळू द्यायचा, साखळीला आणि गजाच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावायचे आणि चाक परत वर घ्यायचे. वर घेताना ते हौद्याच्या खालच्या पट्ट्यांना घट्ट टेकले पाहिजे. सैल राहिले तर खड्ड्यांत आपटून साखळीच्या कड्या झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक रस्त्यावर पडते. मागून दुचाकी येत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

कुलूप पितळी घ्या, त्याचे भोक खाली राहील असे लावा आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा पिशवीसारखा चढवून बांधा. महिन्याच्या देखभालीत कुलूपही उघडून पाहायचे, म्हणजे किल्ली हरवली असेल तर ते घरीच कळते.

एक गोष्ट तुमच्या लिखाणात खटकली, ती रागावू नका पण सांगतो. तुम्ही गाडी उचलून मग खाली शिरलात. भरलेली गाडी जॅकवर असताना तिच्याखाली जाणे हा प्राणाशी खेळ आहे, त्यात जमीन ओली. आधी स्टेपनी बाहेर, मग जॅक, हा क्रम कधीही मोडू नये. चाक बसल्यामुळे खाली जागा पुरत नसेल, तर उतरत्या कडेची एक जाड फळी गाडीत ठेवा आणि बसलेले चाक पहिल्या गिअरमध्ये हळूच तिच्यावर चढवा. तेवढ्यात थोडी जागा मिळते आणि एकही क्रेट उतरवावा लागत नाही. काढलेली स्टेपनी लगेच जॅकजवळ चॅसीच्या खाली आडवी सरकवायची; जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर विसावते. चाक खोलल्यावर ते तेथे सरकवायचे आणि स्टेपनी घ्यायची.

प्रतिसाद २

मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. येथील मोठ्या पिकअपलाही स्टेपनी हौद्याखालीच असते. साखळीऐवजी पोलादी तार असते आणि दांडा मागच्या नंबर प्लेटजवळच्या भोकातून आत जातो. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तुमच्या पावसाळ्यात जे घडले ते आमच्याकडे दरवर्षी कोणाच्या तरी नशिबी येते. मलाही एकदा ती तार कापून काढावी लागली. आता टायर आलटून पालटून बसवताना स्टेपनीही त्या फेऱ्यात घेतो, म्हणजे पाचही चाके सारखी झिजतात आणि विंच आपोआप वर्षातून दोनदा तरी फिरतो. याचा दुसरा लाभ असा की स्टेपनी म्हातारी होत नाही. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाली टांगलेला टायर वापरला नाही तरी त्याचे रबर कडक होत जाते आणि भरल्या गाडीखाली तो पहिल्याच दिवशी दगा देऊ शकतो. काका, तुमच्या स्टेपनीवरचे आकडे एकदा पाहून घ्या.

हवेबद्दल: दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर भरल्या गाडीच्या मागच्या चाकासाठी जो आकडा दिलेला असेल, तोच स्टेपनीत ठेवावा. पुढे लावायची वेळ आली तर रस्त्यावर हवा सोडता येते, भरता येत नाही.

प्रतिसाद ३

थोडे अवांतर वाटेल. स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जे जादा चाक बाजारात आणले त्याला आरे नव्हते. नुसती रिम आणि फुगवलेला टायर असायचा आणि पंक्चर झालेले चाक न काढताच ती त्यावर आवळून बसवायची. जॅक, पाना आणि चिखलात लोळणे हे सगळे नंतर आपल्या वाट्याला आले.

मूळ प्रश्नाकडे येतो. बंपर कापू नका. मागून कोणी धडकले तर लहान गाडी हौद्याखाली शिरू नये यासाठीही मागचा आडवा पाइप असतो. विंचच्या गजाला त्याच जाडीचा तुकडा जोडून त्याचे तोंड बंपरच्या खालच्या रेषेपर्यंत आणून घ्या, आणि झिजलेला नट त्याच वेळी बदला. लेथवाला अर्ध्या दिवसात करून देईल. तोंडावर रबरी टोपण बसवायला विसरू नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. संगमनेरकर भाऊ, रागावण्याचा प्रश्नच नाही. जॅकखाली शिरलो ही चूक होती आणि त्या टेम्पोवाल्या मुलालाही मी तिच्यात ओढले, याचे आता जास्त वाईट वाटते.

गज वाढवून घेतला, नट बदलला, पितळी कुलूप लावले. स्टेपनीवरचे आकडे पाहिले तेव्हा टायर नऊ वर्षांचा निघाला. चोरी झाल्यावर घाईत जुने चाक विकत घेतले होते, त्याचा हा परिणाम. तो बदलला. बाभळीची उतरती फळी सुताराकडून करून घेतली. काल रात्री अंगणात ६० क्रेट भरून, दिवे बंद करून, कपाळाला बॅटरी बांधून एकट्याने स्टेपनी काढून पाहिली. पहिल्या खेपेला फळी सरकली, म्हणून तिच्या खालच्या बाजूला जुन्या टायरची पट्टी ठोकली. दुसऱ्या खेपेला कुलूप उघडण्यापासून स्टेपनी बाहेर येईपर्यंत अकरा मिनिटे लागली आणि खांद्याला काही झाले नाही.

एकच शंका उरली आहे. रिमची बाहेरची बाजू वर ठेवली तर व्हॉल्व्ह दगडांपासून वाचतो, पण हवा तपासायला दर वेळी चाक उतरवावे लागते. खाली ठेवली तर चाक न उतरवता हवा पाहता येते, पण व्हॉल्व्ह उघडा पडतो. आपण कशी ठेवता?

प्रतिसाद १

वर ठेवा. महिन्यातून एकदा ती उतरवणारच आहात, हवा तेव्हाच पाहायची. खाली ठेवली की "हवा तर दिसतेच आहे" म्हणून माणूस विंच फिरवायचा सोडून देतो.