वेलांचा मांडव श्रावणात कोसळला, यंदा काय बदलू?

मंडळी, मदत हवी आहे.

घर कुडाळजवळ. मागे विहिरीशेजारी दहा बाय आठ फुटांची जागा आहे. गेल्या मृगात तिथं पडवळ, दोडकी आणि कारली लावली. मांडव मीच घातला: माणगा बांबूच्या चार मेढी (खांब), वर चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांची जाळी, सगळं सुतळीनं बांधलेलं. श्रावणात एका रात्री वारा-पाऊस झाला आणि सकाळी मांडव चिखलात. पडवळं सरळ वाढावीत म्हणून शेंड्यांना दगड बांधले होते, ते तेवढे शाबूत.

उकरून पाहिलं तर मेढी जमिनीलगत चार बोटं वर, चार बोटं खाली पार मऊ. बोटानं दाबलं की पाणी सुटत होतं. वरचा बांबू ठणठणीत. सुतळी हातानं ओढली तरी तुटत होती. शिवाय आडव्या काठ्यांना बारीक भोकं, टिचकी मारली की पिठासारखी पिवळट पूड भुरभुरायची. बांबू मे महिन्यात तोडला होता. जून की कोवळा, पाहिलं नाही.

तार, प्लॅस्टिकची दोरी, लोखंडी अँगल नकोत. (गवंड्यानं सिमेंटचे खांब सुचवले, त्यावरून घरात एकदा भांडण झालंय.) मेढी कसल्या घालू? आणि बांधू कशानं?

प्रतिसाद १
पूड म्हणजे भुंगा. बांबूतल्या पिठूळ अंशावर तो जगतो आणि उन्हाळ्यात तो अंश जास्त असतो. पाऊस सरल्यावर, थंडीत तोडायचा, तोही तीन वर्षांपुढचा. मग दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा. वास मारतो, पण भुंगा कमी लागतो. यंदा ती वेळ गेली, तेव्हा कुणाकडे थंडीत तोडून सुकवलेला मिळतो का बघा.

प्रतिसाद २
मेढी बांबूच्या घालूच नका! उंदीरमारीच्या, म्हणजे गिरिपुष्पाच्या, मनगटाएवढ्या जाड आठ फुटी फांद्या घ्या. बूड तिरकं छाटा आणि पहिल्या पावसात दीड फूट पुरा. मुळं धरली की खांब जिवंत, कुजायचा सवालच नाही. फक्त फुटवे छाटत राहा, नाहीतर वेलाला ऊन मिळणार नाही. छाटलेला पाला वेलांच्याच बुडाशी टाका, खत होतं. बांधायला काथ्या. भिजवून घेतला की मऊ होतो, गाठ घट्ट बसते, आणि सुतळीपेक्षा कितीतरी टिकतो.

धागाकर्ता
उंदीरमारी तर आमच्या गडग्यालाच (दगडी कुंपणाला) आहे, रोज तिच्याखालून जातो आणि डोक्यात आलं नाही! पण पहिल्याच वर्षी भरलेल्या दोडक्यांचं वजन पेलेल?

प्रतिसाद २
एकट्याच्या जिवावर नाही. प्रत्येक खांबाला बाहेरून एक तिरका बांबू टेकू म्हणून द्या, त्याचं बूड मातीत न पुरता सपाट दगडावर ठेवा. दसऱ्यानंतर टेकू काढा आणि खांब हलवून बघा.