बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) वजनाचा काटा अडकला? आपापले अनुभव लिहा

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन) होऊन अजून महिनाही झाला नाहीये आणि वजन थांबलंय. सुरुवातीला रोज सकाळी काटा खाली, आणि मग एकदम ठप्प. खाणं म्हणजे काय तर चार चमचे मऊ काहीतरी, तेवढ्यानेच पोट गच्च, मग वजन का उतरत नाहीये तेच कळेना. घरचे रोज "आज किती?" विचारतात, आता काट्यावर उभं राहायचीच धास्ती बसलीय. ज्यांच्या ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं झालीत त्यांनी प्लीज लिहा, कधी अडकलं, पुढे काय झालं, काय केलंत. स्लीव्हवाले, बायपासवाले (हृदयाचं नव्हे, जठराची छोटी पिशवी म्हणजे पाउच करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते) सगळेच लिहा. "कमी खा, जास्त चाला" सोडून काहीही चालेल.

---

अगं हे तिसऱ्या आठवड्याच्या आसपासचं अडकणं इतकं कॉमन आहे की आमच्या डाएटिशियनने ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलं होतं, तरी वेळ आली तेव्हा मी रडलेच. ती म्हणाली पहिल्या दिवसांत जे भराभर जातं त्यात पाणी बरंच असतं. लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं तुटलं की साठा संपतो आणि ते पाणी निघून जातं. मग शरीर सावरतं, थोडं पाणी परत धरतं, आणि चरबी आतून जात असली तरी काट्यावर दिसत नाही. माझं आपोआप सुटलं, वेगळं काहीच केलं नाही. काटा मात्र नवऱ्याने कपाटावर टाकला, आठवड्यातून एकदाच खाली यायचा. फक्त एक, उलट्या होत असतील किंवा पाणीसुद्धा टिकत नसेल तर इथे विचारत बसू नकोस, सरळ सर्जनला फोन कर.

---

+१. आणि त्या काळात खाणं अजून कमी करू नका हो!

---

माझं बायपास. पाचव्या-सहाव्या महिन्यात अडकलं ते चांगलं महिनाभर. गंमत म्हणजे त्याच महिन्यात अंगठी बोटातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि शर्टाची कॉलर अशी लोंबायला लागली की ऑफिसात लोक तब्येत विचारायला लागले, आणि काटा आपला ढिम्म. तेव्हापासून इंची टेप. प्रोटीन मोजलं तर ६० ग्रॅमसुद्धा होत नव्हतं, आम्हाला सांगितलेलं दिवसाला ६० ते ८०. ते वाढवलं, हलके डंबेल्स सुरू केले. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत, आणि स्नायू गेले की शरीर बसल्या जागी जाळतं तेही कमी होतं. यामुळेच सुटलं का वेळ झाली म्हणून सुटलं, देव जाणे.

---

वरचं सगळं पहिल्या वर्षासाठी ठीक. पण दीड वर्षानंतर अडकलं, त्यातून वर सरकायला लागलं, तर "पाणी असेल" म्हणून गप्प बसू नका असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बाबतीत डाएटिशियनने आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहायला लावलं. जेवण अगदी मापात, पण मधे मधे बिस्किटं, चिप्स, रात्री आइस्क्रीम. असले विरघळणारे पदार्थ पोटात थांबतच नाहीत, सरसर खाली जातात, त्यामुळे पोट भरल्याचा सिग्नलच येत नाही आणि तासभर खात बसता येतं. जेवताना पाणी प्यायलं की खाल्लेलं तसंच धुऊन जातं, म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. हे सगळं सुरुवातीला सांगतातच, पण दीड वर्षाने कोणाच्या लक्षात राहतंय! दारूचंही बघा, एका ग्रॅममागे ७ कॅलरी आणि बायपासनंतर चढते पण फार लवकर.

---

आईबद्दल लिहितोय. तिचं वजन अडकलं तेव्हा घरात सगळ्यांना एकच संशय, ही चोरून खात असणार. मावशीने तर तोंडावर विचारलं, त्यानंतर आई आमच्यासमोर जेवायचीच बंद झाली. फॉलोअपला डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. दुसरीकडून सांध्यांसाठी चालू असलेली स्टेरॉइड निघाली आणि थायरॉइडचा डोस बरेच दिवस तपासलेलाच नव्हता. स्टेरॉइड, इन्सुलिन, डिप्रेशनच्या काही गोळ्या, याने वजन अडकू शकतं म्हणे. मनाने बंद करू नका, पण यादी दाखवा. आणि घरच्यांनो, पेशंटवर पाळत ठेवणं सोडा राव.

---

ते पाच दिवस फक्त लिक्विड घेऊन "पाउच रीसेट" करतात ते कोणी केलंय का? व्हिडिओ खूप दिसतात.

---

नका करू. आमच्या सर्जननी हसून उडवलं, पातळ पिऊन ताणलेलं पाउच आकसत नाही. उतरतं ते पुन्हा पाणीच, परत जेवलात की हजर. पाउच किंवा जोड मोठा झाल्याची शंका असेल तर एन्डोस्कोपी करून बघतात.

---

बायपासला बरीच वर्षं झाली म्हणून माझंही. टार्गेटच्या अलीकडेच वजन थांबलं ते कायमचंच, मधे थोडं वाढून परत स्थिर. मग स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यातही सगळ्यात जास्त घट पहिल्या एक-दोन वर्षांत, मग थोडं परत येतं, आणि १० वर्षांनी बायपासवाल्यांचं मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्के उतरलेलं. म्हणजे मी काही जगावेगळी नाही! आमच्या डोक्यात कॉलेजातलं वजन बसलेलं असतं, शरीराला त्याचं काय. शुगरच्या गोळ्या सुटल्या, झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लागायचं ते गेलं, बी-१२ आणि आयर्न मात्र जन्माचं. आता डॉक्टर सेमाग्लूटाइडचं (भूक कमी करणारं औषध) इंजेक्शन सुचवतायत, सर्जरीनंतर वजन परत वाढलं तर देतात. माझं अजून ठरत नाहीये, कोणी घेत असेल तर लिहा ना.

---

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं. प्रोटीन मोजायला घेतलंय, ४० च्या वर जातच नाहीये, एवढ्याशा पोटात कोंबायचं कुठे? आणि टेप नक्की कुठे लावायची, बेंबीवर का कमरेवर?

---

कुठेही लाव, दर वेळी तीच जागा धर म्हणजे झालं. मी बेंबीच्या रेषेत घेते, सकाळी, श्वास सोडून. प्रोटीनचं म्हणशील तर ताटातला पहिला घास त्याचाच, बाकीचं जागा उरली तर.