सेन्सिटाइझ झालेल्या गिनीपिगला मराठीत काय म्हणाल?

रानजाई:
एक लेख भाषांतराला आलाय. 1935 साली लँडस्टायनर आणि जेकब्ज यांनी गिनीपिगना डायनायट्रोक्लोरोबेंझीन अगदी थोडंथोडं टोचलं. मग काही आठवड्यांनी त्याच रसायनाचा पातळ थेंब दुसरीकडे लावला की कातडी लाल होऊन सुजायची. नवख्या गिनीपिगला त्याच थेंबाने काही व्हायचं नाही. ‘सेन्सिटाइझ्ड’साठी मी ‘संवेदनशील केलेले गिनीपिग’ लिहिलं. संपादकबाईंनी समासात विचारलं, ‘कविता करतात का?’ ‘संवेदीकरण’ दाताखाली खड्यासारखं येतं. दुसरं काही सुचतंय?

मिठाचा_खडा:
घरचा शब्द असताना बाहेर कशाला शोधता? बिबा उततो की! माझ्या आत्याला तर नुसत्या बिब्याच्या धुराने तोंड सुजून डोळे मिटायचे. आजी खोबरं वाटून थापायची. बिबा, काजू, आंबा सगळे एकाच कुळातले. ‘उतलेले गिनीपिग’ लिहा.

पाटीपेन्सिल:
उततं ते दूध. ‘उतू नका, मातू नका’ ऐकलंय ना? गिनीपिग उतला म्हणजे माजला.

मिठाचा_खडा:
बिबासुद्धा उततोच, आमच्या अख्ख्या गावाला विचारा. माझ्या मते मूळ ‘उत्तप्त’मध्ये आहे.

पाटीपेन्सिल:
तुमच्या मते सगळ्याचंच मूळ संस्कृतात असतं.

नळीफुंके:
प्रयोगशाळेत नोकरी केली आहे म्हणून बोलतो. उतणं ही दुसरी पायरी. सेन्सिटायझेशन होतं तेव्हा कातडीवर बहुधा काही दिसतच नाही. रसायनाचा रेणू इतका लहान की शरीर त्याला एकट्याला ओळखत नाही. तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटला की ती जोडी परकी वाटते आणि पेशी ती लक्षात ठेवतात. थेंब पुन्हा पडला की एक-दोन दिवसांत सूज. शब्द हवाय तो त्या मधल्या गुपचूप काळासाठी.

आगाऊ_भाचा:
मग ‘डूख धरणे’! कातडीने डूख धरला.

रानजाई:
अरे वा! पण गंभीर लेखात चालेल?

पाटीपेन्सिल:
डूख साप धरतो, तोही गोष्टीतला. परिभाषा म्हणजे चावडीवरच्या गप्पा नव्हेत. ‘संवेदीकरण’ आज खटकतं, वीस वर्षांनी खटकणार नाही. ‘महापौर’ नाही का रुळला?

आगाऊ_भाचा:
आणि ॲनाफिलॅक्सिसला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या झटपट ॲलर्जीला, काय म्हणणार?

नळीफुंके:
तो शब्द रिशे आणि पोर्तिए यांनी 1902 मध्ये काढला. समुद्रफुलाच्या विषाचा पहिला डोस कुत्र्याने पचवला. काही आठवड्यांनी दिलेल्या थोड्याशा विषाने तो 25 मिनिटांत मेला. त्याचं नाव नेपच्यून. व्हायचं होतं संरक्षण, झालं उलटंच, तोच अर्थ नावात. ही प्रतिक्रिया मिनिटांतली, कातडीची सूज दिवसांतली. दोन्हींना एकच शब्द लावू नका.

मिठाचा_खडा:
दोन्ही वावडीच की.

पाटीपेन्सिल:
वावडं आम्हाला पाहुण्यांचंही असतं. त्याची चाचणी कुठल्या गिनीपिगवर करणार?

रानजाई:
मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. ‘डूख धरलेले गिनीपिग’ लिहू की नको?

मिठाचा_खडा:
लिहा. पण ‘डूख धरला’ की ‘डूख धरली’? आमच्याकडे डूख स्त्रीलिंगी.

पाटीपेन्सिल:
तुमच्याकडे म्हणजे नक्की कुठे?