मदत हवी आहे : गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या जुन्या यंत्राचं चालतं मॉडेल

पट्ट्यावर चालणाऱ्या, एका जागी उभ्या राहणाऱ्या जुन्या ‘हे प्रेस’चं (hay press, म्हणजे गवत दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र) १:८ प्रमाणातलं मॉडेल बनवतोय. मूळ यंत्राचा गठ्ठ्याचा खण १४ × १८ इंची, म्हणजे माझा साधारण ४४ × ५७ मिमी. सांगाडा आणि क्रँक तयार आहेत. दोन ठिकाणी अडलोय.

पहिलं फ्लायव्हील, म्हणजे ऊर्जा साठवणारं जड चाक. प्लंजरला (गवत दाबणाऱ्या दट्ट्याला) लागणारं काम ५१२ पटीने कमी होतं, पण त्याच वेगाने फिरवलं तर चाकातली ऊर्जा जवळपास ३२,००० पटीने घटते. म्हणजे चाक ऐन दाबाच्या वेळी दम टाकणार. वेग आठपट केला तर हिशोब जमतो, पण मग त्या संथ, जड ठोक्यांची सगळी मजाच जाते, आणि मला ती हवीच आहे. चाकाच्या कडेत शिसं भरावं, की खाली लपवलेलं दुसरं, वेगाने फिरणारं चाक गिअरने जोडावं? कुणी केलंय का असं?

दुसरं, गवत. काडी काही लहान होत नाही! बारीक कापलं तर गठ्ठा तारेतून निसटतो, लांब ठेवलं तर खणाच्या तोंडाशी अडकतं. मऊ पात्याचं कुठलं गवत चालेल? थोडं दमट करून दाबावं का?

दोन गठ्ठ्यांमधले खाचांचे लाकडी ठोकळे मात्र मुळाबरहुकूम करणार आहे. तार त्यातूनच हाताने ओवायची. तारेची जाडी किती घ्यावी, हेही अनुभवींनी सांगावं.