मदत हवी आहे : अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मतदानाकडे कसे वळवावे?

नमस्कार,

मी टेक्सासमधील एका सार्वजनिक विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि तेथील विद्यार्थ्यांच्या एका पक्षनिरपेक्ष मतदारनोंदणी गटाची सल्लागार आहे. ३ नोव्हेंबर २०२६ रोजी होणाऱ्या मध्यावधी निवडणुकीत (म्हणजे अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणाऱ्या नियमित निवडणुकीत) आमच्या विद्यार्थ्यांचा सहभाग वाढावा, यासाठी मला अनुभवी मंडळींची मदत हवी आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत महाविद्यालयात शिकत आहेत आणि काहींनी मतदारनोंदणीचे किंवा मतदानकेंद्रावरचे काम स्वतः केलेले आहे, म्हणून हा प्रश्न मराठीतून विचारत आहे. कोणत्या पक्षाला मत द्यावे, हा येथे विषय नाही. कृपया प्रतिसादांतही तो आणू नये.

अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी विद्यार्थ्यांना फारसे सांगावे लागत नाही. मध्यावधीच्या वर्षी मात्र तेच विद्यार्थी 'यंदा अध्यक्ष निवडायचा नाही, मग घाई कसली' असे म्हणतात. हे चित्र बदलू शकते, हे आकड्यांवरून दिसते. टफ्ट्स विद्यापीठाच्या देशव्यापी अभ्यासानुसार २०१४ च्या मध्यावधीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी मतदान केले होते, तर २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले. टेक्सासमधील एकूण नोंदणीकृत मतदारांचा विचार केला, तर २०१४ मध्ये सुमारे ३४ टक्के, २०१८ मध्ये ५३ टक्के आणि २०२२ मध्ये ४६ टक्के मतदान झाले. म्हणजे मध्यावधीला मतदान कमीच असायचे, असा काही निसर्गनियम नाही.

टेक्सासपुरते बोलायचे, तर मध्यावधीचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अध्यक्षीय निवडणुकीपेक्षा कमी नाही, असे माझे ठाम मत आहे. या राज्याचा गव्हर्नर नेहमी मध्यावधीच्या वर्षीच निवडला जातो. त्यामुळे जो विद्यार्थी केवळ अध्यक्षीय वर्षी मत देतो, तो गव्हर्नर निवडण्यात आयुष्यात कधीच भाग घेत नाही. सार्वजनिक विद्यापीठांच्या बोर्ड ऑफ रीजंट्सचे, म्हणजे नियामक मंडळांचे, सदस्य सहा वर्षांसाठी गव्हर्नरच नेमतो, आणि शिक्षणशुल्क ठरवण्याचा अधिकार २००३ साली विधिमंडळाने याच मंडळांकडे सोपवला. टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवसांसाठी भरते. जानेवारी २०२७ मध्ये जे सदस्य विद्यापीठांच्या निधीवर निर्णय घेतील, त्यांच्यापैकी बहुतेकांची निवड याच नोव्हेंबरात होणार आहे. हे एवढे वर्गात शांतपणे मांडले, की विद्यार्थी लक्ष देऊन ऐकतात आणि प्रश्नही विचारतात. त्यांना देशाची किंवा स्वतःच्या भवितव्याची पर्वा नाही, हा आरोप मला मान्य नाही.

माझ्या मते खरी अडचण पुढे, म्हणजे इच्छा आणि मतपत्रिका यांच्यामधल्या वाटेवर आहे. टेक्सासमध्ये ऑनलाइन मतदारनोंदणी नाही; वाहनपरवान्याचे ऑनलाइन नूतनीकरण करताना मिळणारी सोय हाच काय तो अपवाद. अर्ज कागदावर भरून, शाईने सही करून टपालाने पाठवावा लागतो किंवा काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयात नेऊन द्यावा लागतो, आणि यंदा त्याची शेवटची तारीख ५ ऑक्टोबर आहे. ज्या पिढीने टपालाचे तिकीट क्वचितच विकत घेतले आहे, तिला एवढ्यानेही अडायला होते. त्यातही सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होत असल्याने आमच्या हाती जेमतेम सहा आठवडे उरतात, आणि पहिल्या चाचण्या नेमक्या त्याच काळात येतात.

स्वयंसेवकांकरवी अर्ज गोळा करायचे, तर त्यांना काउंटीकडून व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून नेमणूक घ्यावी लागते. ही नेमणूक त्या काउंटीतील रहिवाशांच्या अर्जांपुरतीच चालते आणि गोळा केलेला अर्ज पाच दिवसांच्या आत कार्यालयात पोहोचवावा लागतो. आमचे निम्मे विद्यार्थी ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरातले आहेत. त्यांना घरच्या पत्त्यावरच नाव ठेवायचे असेल, तर आमचा स्वयंसेवक त्यांचा अर्ज स्वीकारू शकत नाही. कोरा अर्ज आणि पत्ता हातात देऊन 'तूच पाठव' एवढेच सांगू शकतो. तो अर्ज मग दप्तरातच राहतो.

ओळखपत्राचा प्रश्न निराळा. मतदानकेंद्रावर टेक्सासचा वाहनपरवाना, पासपोर्ट, अगदी बंदुकीचा परवानाही चालतो, पण विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या नागरिक विद्यार्थ्यांना हे बहुधा रांगेत उभे राहिल्यावरच कळते. ज्याच्याकडे मान्य ओळखपत्र नाही आणि जो ते सहजासहजी मिळवू शकत नाही, त्याला अडचणीचे प्रतिज्ञापत्र भरून, विजेचे बिल किंवा बँकेचे पत्रक यांसारखा कागद दाखवून मत देता येते. पण ही सोय किती जणांना ठाऊक असते?

विद्यार्थ्याने शिकतो त्या गावी नोंदणी करावी की आईवडिलांच्या पत्त्यावर, यावरही गोंधळ असतो. टेक्सासपुरता या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. वॉलर काउंटीत, प्रेअरी व्ह्यू विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नोंदणीपूर्वी निवासाविषयी खास प्रश्नावली भरायला लावली जात असे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले होते, तरीही हे चालू होते. अखेर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरवणारा निकाल कायम केला. हा हक्क कुणीतरी लढून मिळवलेला आहे, हे सांगितल्यावर वर्गातले वातावरण बदलते, असा माझा अनुभव आहे.

आता मन वळवण्याविषयी. येलचे संशोधक ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात केलेल्या प्रयोगात दारोदार जाऊन समोरासमोर केलेल्या विनंतीने मतदान लक्षणीय वाढले, तर व्यावसायिक फोनसेवेचा तसा उपयोग दिसला नाही. २००६ च्या मध्यावधीच्या वेळी १६ महाविद्यालयांत झालेल्या प्रयोगात, वर्गात येऊन कुणी काही मिनिटे बोलले आणि तेथेच अर्ज भरून घेतले, तर नोंदणीचे प्रमाण सुमारे सहा टक्केबिंदूंनी वाढल्याचे आढळले. ईमेलने मात्र असे काही साधत नाही, हेही याच क्षेत्रातील अभ्यासांतून पुढे आले आहे. आमच्या प्रशासनाचा भर अजूनही ईमेलवरच आहे. १९९८ च्या उच्च शिक्षणविषयक केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीनुसार नोंदणीचे अर्ज विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणे महाविद्यालयांना बंधनकारक आहे, आणि ईमेलमधील एका दुव्याने ते कर्तव्य पार पडले, असे मानले जाते. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वर्क-स्टडीचा (विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामाचे वेतन देणाऱ्या केंद्रीय योजनेचा) निधी मतदारनोंदणीच्या कामासाठी वापरता येणार नाही, असे कळवले. म्हणून आमच्याकडे आता केवळ विनावेतन काम करणारे विद्यार्थी उरले आहेत, आणि त्यांतले बरेच जण संध्याकाळी नोकरी करतात.

माझ्या विषयाचे विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतात, ज्याला मला खोटे उत्तर द्यायचे नाही. 'माझ्या एका मताने निकाल फिरण्याची संभाव्यता किती?' ती अत्यल्प आहे, हे मी नाकारत नाही. २०२२ च्या मध्यावधीत कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात सुमारे सव्वातीन लाख मतांतून ५४६ मतांनी निर्णय झाला, आणि त्याच मतदारसंघात ग्रँड जंक्शन, प्वेब्लो व डुरँगो येथील विद्यापीठे-महाविद्यालये येतात, हे मी सांगते. पण एका उदाहरणाने संभाव्यता बदलत नाही, हे मीच त्यांना वर्गात शिकवलेले असते.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. हा संभाव्यतेचा आक्षेप आपण कसा हाताळाल? अभियांत्रिकी व विज्ञानाच्या प्राध्यापकांना वर्गातली दहा मिनिटे देण्यासाठी कसे राजी करावे? दुसऱ्या काउंटीतील विद्यार्थ्यांचा अर्ज दप्तरात न राहता टपालात पडावा, यासाठी कुणी काही युक्ती वापरली आहे का? आणि ज्यांची मुले घरापासून दूर शिकतात, त्या पालकांनी काय केले?

---

प्रतिसाद : ॲन आर्बर, मिशिगन

आमच्या राज्यात २०१८ च्या सार्वमतानंतर मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते, त्यामुळे आमची परिस्थिती आपल्यापेक्षा सोपी आहे. तरीही एक अनुभव उपयोगी पडावा. २०२२ च्या मध्यावधीत मिशिगन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात शहराच्या क्लार्कचे, म्हणजे नोंदणी व मतदानाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय उघडले होते. शेवटच्या दिवशी तेथे विद्यार्थ्यांची एवढी रांग लागली, की मध्यरात्र उलटून गेल्यावरही मतदान चालू होते. त्या थंडीत ती मुले तासन्‌तास उभी राहिली. 'मुलांना रस नाही' असे त्यानंतर माझ्यासमोर कुणी म्हटले, की मी या रांगेची आठवण करून देतो. रोज येता-जाता दिसेल अशा जागी कार्यालय होते, हे त्यामागचे मोठे कारण होते असे मला वाटते.

संभाव्यतेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, हिशेब एका मताचा न करता गटाचा करावा. कोणत्या वस्तीत किती मतदान झाले, याची नोंद सार्वजनिक असते. उमेदवार आणि त्यांचे सल्लागार ती बारकाईने पाहतात आणि त्यावरून कुठे जायचे, कोणत्या प्रश्नावर बोलायचे हे ठरवतात. आपल्या वसतिगृहाच्या मतदानकेंद्रावरचा २०२२ चा आकडा काउंटीच्या संकेतस्थळावरून काढून विद्यार्थ्यांसमोर ठेवा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचे विश्लेषण करायलाच सांगितले, तर अधिक उत्तम.

प्रतिसाद : कॉलिन काउंटी, टेक्सास

माझी मुलगी घरापासून चार तासांवर शिकते आणि तिने नोंदणी घरच्याच पत्त्यावर ठेवली आहे. मतदानाच्या पूर्ण काळात काउंटीबाहेर असणाऱ्याला टेक्सासमध्ये टपाली मतपत्रिका मागवता येते, आणि विद्यार्थी या तरतुदीत बसतात. यंदा तो अर्ज २३ ऑक्टोबरपर्यंत घरच्या काउंटीच्या कार्यालयात पोहोचायला हवा. त्या दिवशी टपालात टाकून चालत नाही. २०२१ च्या कायद्यापासून अर्जावर आणि पाकिटावर परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळखक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहावे लागतात आणि ते नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकाशी जुळावे लागतात. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे १२ टक्के टपाली मते बाद झाली, त्यामागे प्रामुख्याने हेच कारण होते. म्हणून दोन्ही क्रमांक लिहावेत, असे मी आवर्जून सांगेन.

आम्ही एक केले : मुलगी ऑगस्टमध्ये वसतिगृहात जायला निघाली, त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज भरला, पाकिटावर पत्ता व तिकीट लावले आणि जाताना टपालपेटीत टाकला. आपल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक टेबल या कामासाठी ठेवले, तर मुले आणि पालक एकाच वेळी भेटतील. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे मुदतीच्या तीन आठवडे आधी.

प्रतिसाद : धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. केंद्रनिहाय आकड्यांचे विश्लेषण मी सप्टेंबरच्या पहिल्या गृहपाठातच घालते. त्यामुळे विषयही सुटणार नाही आणि पक्षही मध्ये येणार नाही. दुसऱ्या काउंटीतील विद्यार्थ्यांसाठी आम्ही नोंदणीच्या टेबलावर पत्ता छापलेली पाकिटे ठेवू आणि टेबलच टपालपेटीशेजारी मांडू. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची नेमणूकही आमच्या दोन विद्यार्थिनी घेणार आहेत.

गणेशोत्सवाची कल्पना मला फार आवडली, परंतु तेथे एक काळजी घ्यावीच लागेल. मंडळात येणाऱ्या तरुणांपैकी बरेच जण विद्यार्थी व्हिसावर आलेले असतात. नागरिक नसलेल्या व्यक्तीने चुकूनही नोंदणीचा अर्ज भरला, तर त्याचे परिणाम व्हिसा रद्द होण्यापर्यंत किंवा देश सोडावा लागण्यापर्यंत जाऊ शकतात. म्हणून टेबलावर कोणताही अर्ज हाती देण्यापूर्वी नागरिकत्वाचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि 'सगळ्यांनी भरून टाका' असे ध्वनिक्षेपकावरून कधीही जाहीर करू नये. या विद्यार्थ्यांना डेप्युटी रजिस्ट्रारही होता येत नाही. पण पाकिटे लावणे, फलक करणे किंवा अर्ली व्होटिंगच्या (मतदानाच्या दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देण्याच्या) काळात, म्हणजे १९ ते ३० ऑक्टोबर या दिवसांत, मित्रांना आठवण करून देणे ही कामे त्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून करावीत.

विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ज्यांनी आपल्या विभागात वर्गातली दहा मिनिटे मिळवली आहेत, त्यांनी विभागप्रमुखांना नेमके काय लिहिले, तो मजकूर येथे दिला, तर मी तो सत्र सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे वापरून पाहीन.