१२ फुटी फोम ट्रेलर : वजन ठीक, चिकटवण आणि रंग बदला

गाडीमागे ओढायचा फोमचा ट्रेलर घरी बनवायच्या तुमच्या आराखड्यात 12×6×6 फुटांची पेटी, 50 मिमी एक्सपीएस (थर्मोकोलच्या जातीचा, पण दाट आणि कडक फोम) शीट, रबरी चिकटवण आणि वरून गडद हिरवा ऑइलपेंट आहे. वजनाचा अंदाज बरोबर आहे. सहा बाजू मिळून 360 चौरस फूट, घनमीटरला 32 किलोची शीट घेतली तर नुसता फोम साधारण 54 किलो.

पण रबरी चिकटवणीतलं सॉल्व्हेंट फोम खातं, सांध्यात पोकळ्या पडतात. पांढरा फेविकॉलही दोन शीटच्या मधे नको. हवा लागत नाही, आत तो ओलाच राहतो. सांध्यांना पीयू ग्लू (ओलाव्याने घट्ट होणारा पॉलियुरेथेन गोंद) वापरा, आधी पाण्याचा हलका फवारा मारा आणि रात्रभर वजन ठेवा.

बाहेरून मांजरपाट, म्हणजे जाडं सुती कापड, चिकटवा. तो आधी धुवून खळ काढाच, नाहीतर गोंद मुरत नाही आणि कापड फुगे धरतं. इथे मात्र पाण्याला टिकणारा पांढरा गोंद चालतो, थोडं पाणी घालून. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा 45 वर जातो, गोंदावर लगेच साय धरते. काम सकाळी नऊच्या आत उरका.

रंग पांढराच, पाण्यातला अ‍ॅक्रिलिक. गडद पृष्ठभाग उन्हात 70 अंशांपलीकडे तापू शकतो आणि साधारण 75 च्या पुढे फोम मऊ पडतो, छत झोल खातं.

बिजागरी, खिडकी, चासीचे बोल्ट येतील तिथे फोम कोरून लाकडी पट्ट्या बसवा. नुसत्या फोममध्ये स्क्रू धरत नाही. आणि स्टोव्ह आत अजिबात नको, फोम झपाट्याने पेटतो.